चेहरा काढायचा नाही

मॅम ऑर्फा बादिल्या हिनाबान गावच्या शाळेत सहावीला भाषा शिकवायच्या. गोष्टीतलं पात्र कसं उभं राहतं, हा धडा त्या पुस्तकातून न घेता रंगीत खडूच्या पेटीतून घेत. नियम दोनच. चेहरा काढायचा नाही. नाव लिहायचं नाही. माणूस ओळखू आला पाहिजे तो हातांवरून, पायांवरून, तो कुठे उभा आहे त्यावरून.

"मॅम, मग नाक कुठे काढायचं?" रेन्झोने विचारलं. तो पहिल्या बाकावर असायचा, कारण मागे बसवला की मागची अख्खी रांग बोलायला लागायची.

"नाक तुझ्याकडेच ठेव. सगळीकडे खुपसायला लागतं तुला."

वर्ग हसला. मॅमनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. तो त्या दरवर्षी शेवटी लिहीत.

कोणी बघत नाही असं वाटतं, तेव्हा तो काय करतो?

"ह्याचं उत्तर सापडलं की पात्र सापडलं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे कपडे."

आदल्या दिवशी वर्गात एक लोककथा वाचून झाली होती. नावाडी सगळ्यांना हसतहसत पार नेतो, पण त्यातला एक प्रवासी कधीच पलीकडे पोचत नाही. आता तसाच माणूस काढायचा होता. वरून चांगला, आतून नाही. मुलं जमिनीवर पालथी पडून कामाला लागली. फरशी मेण लावून घासलेली असल्यामुळे वर्गात सगळे अनवाणी. चपला बाहेर, व्हरांड्यात, भिंतीच्या कडेने. मॅमच्या तपकिरी सँडल तेवढ्या त्या रांगेत नसत. एक दाराशी, दुसरी कुंडीपाशी, अशा त्या पडलेल्या असत, आणि मॅमच्या सँडल आज पुन्हा भांडल्यात असं रेन्झो रोज जाहीर करायचा.

रेन्झोने त्याचा काका काढला. एका हातात जपमाळ, दुसरा हात शेजाऱ्याच्या भातात. कोणी दुकानदारीण काढली, जिचा पाय तराजूवर होता. झायरेल अम्पारोने मात्र पूर्ण तास मान वर केली नाही.

तिच्या चित्रात नदी होती. नदीकाठी एक माणूस उकिडवा बसला होता. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. हातात स्वतःची नसलेली चप्पल, आणि ती तो पाण्यात धूत होता. जोडीतली दुसरी शेजारी दगडावर. एक चप्पल हिरवी, एक निळी, निळीचा तुटलेला पट्टा तारेने बांधलेला. माणसाच्या उजव्या अंगठ्याला लाल दोरा गुंडाळलेला. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला पातं बांधतात तो मेणाचा दोरा. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. पण पाठीच्या बाकावरून आणि ज्या सावकाशीने तो घासत होता त्यावरून कळत होतं, की ह्या माणसाला घाई नाही.

मॅम ऑर्फा चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. इतक्या वर्षांत असं चित्र त्यांच्या हाती आलं नव्हतं.

"हे बघा," त्यांनी कागद वर धरला. "एक शब्द नाही. तरी भीती वाटते की नाही? का वाटते, सांगा."

कोणी सांगितलं नाही. नेहमी बोलणारी मुलंही गप्प होती. मॅमना वाटलं, चित्राचा परिणाम.

मॅम मूळच्या इथल्या नव्हत्या. नवऱ्याच्या गावाहून, खाडीपलीकडून, रोज मोटरसायकलवर मागे बसून येत. त्यामुळे हिनाबानमधली लहान मुलंसुद्धा जे जाणत होती ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चित्राला पहिला नंबर दिला आणि दुपारी ते प्रिन्सिपल मॅमकडे नेऊन ठेवलं. नोव्हेंबर म्हणजे वाचन महिना. समारोपाला पहिल्या नंबराचं काम फाटकावर लागतं, मोठ्या फ्लेक्सवर, मुलाच्या नावासकट. आमच्याकडे पोर पाढे म्हणायला शिकलं तरी फ्लेक्स लागतो. खर्च गावचा कापितान, म्हणजे सरपंच, सगळ्यांचा काप, करतो आणि बदल्यात कोपऱ्यात त्याचा फोटो असतो. निवडणूक असो वा नसो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नीलो सर स्टाफरूममध्ये आले. पाचवीला शिकवायचे. जन्म हिनाबानचा, घर नदीपासून हाकेवर. त्यांनी दार लोटून घेतलं. एरवी ते दार कधीच लोटत नसत, उकाड्यामुळे.

"मॅम, ते चित्र कोणी काढलं?"

"झायरेलने. का? आवडलं ना?"

"काल संध्याकाळी प्रिन्सिपल मॅमच्या टेबलावर बघितलं." सर खुर्चीवर बसले, मग उठले. "तुम्हाला मानो तोनिंग माहीत आहे? माहीत असणार नाही. गळ टाकून मासे मारायचा. वर नदीत रात्रीची काळी वाळू काढतात ना, कोणाचे ट्रक ते विचारू नका, त्याची तक्रार करायला प्रांताच्या कचेरीत गेला होता. दोनदा. फिएस्ताच्या, जत्रेच्या आठवड्यात तिवरात सापडला."

"बुडून गेला तो? ऐकलं होतं मी. दारू प्यायला होता म्हणाले."

"तसंच लिहिलंय पोलिसांनी. घाटावर पोहायला उतरला आणि बुडाला. पुरावा काय? त्याच्या चपला घाटावर होत्या. एक हिरवी, एक निळी. निळीला तार."

मॅमनी उघडलेला डबा पुन्हा बंद केला.

"जोडीने ठेवलेल्या, मॅम. शेजारी शेजारी, पुढची टोकं बाहेर. आणि धुतलेल्या. अख्ख्या गावाने बघितल्या. तोनिंगने आयुष्यात चप्पल जोडीने ठेवली नसेल. तुमच्यासारखाच होता त्या बाबतीत. घाटावरची वाळू पांढरी, काळी फक्त वर, उपसा चालतो तिथे. ज्याला काळी वाळू लागलेली दाखवायची नाही, तोच चप्पल धुईल ना?"

"आणि तो दोरा?"

सरांनी स्वतःच्या उजव्या अंगठ्यावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. मग खिडकीकडे बघितलं. समोर चौकात गेल्या वर्षीचा फ्लेक्स अजून होता. कापितान देल्यो सुमांगील, पांढरा शर्ट, अंगठा वर. ऊन खाऊन सगळे रंग उडाले होते, अंगठ्यावरचा लाल तेवढा टिकला होता. कापितानला कोंबड्यांचा नाद होता. दोरा तो हातातून सोडत नसे, गाव त्यावरून थट्टाही करायचं, की बायकोने बांधलेला कापितान.

"पोलिसांत..." मॅम म्हणाल्या.

"पोलिसांत कोणाला? ज्याने बुडाला म्हणून लिहिलं त्याला? दर रविवारी भाजलेलं डुक्कर कोणाकडे खातो तो?" सर खालच्या आवाजात म्हणाले. "आणि तुम्ही त्या पोरीचं नाव फाटकावर लावताय, मॅम."

झायरेलला त्यांनी वर्ग सुटल्यावर थांबवलं. ती दाराशी उभी राहिली, एक पाय दुसऱ्यावर घासत. तिची आई सकाळी घाटावर तांदळाची वाफवलेली पुतो विकायची, आणि झायरेल केळीची पानं धुवायला नदीवर जायची. हे मॅमना माहीत होतं. त्यामुळे विचारायला फार काही उरलं नव्हतं.

"झायरेल, तो माणूस तू मनाने काढलास ना?"

पोरीने नाही म्हणून मान हलवली.

"त्याने तुला बघितलं होतं?"

"नाही. पानं मोठी होती. मी मागे होते."

"आईला सांगितलंस?"

"हो. आई म्हणाली, तू काही बघितलं नाहीस. कोणाशी बोलायचं नाही." ती थांबली. मग, गणितातली चूक दाखवावी तसं म्हणाली, "काढायचं नाही असं नव्हती म्हणाली. आणि तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं मॅम, कोणी बघत नसताना काय करतो म्हणून. मला तेवढं एकच माहीत होतं."

मॅमनी तिला घरी पाठवलं आणि सरळ प्रिन्सिपल मॅमकडे गेल्या. म्हणाल्या, चित्र बदलायचं आहे, दुसरं एक जास्त चांगलं आहे.

"आता?" प्रिन्सिपल मॅम पंख्यासमोर बसून आमंत्रणं मोजत होत्या. "बितोयकडे छपाईला गेलं सुद्धा. उद्या दोन वाजता कार्यक्रम. कापने पैसे भरलेत, काप स्वतः येणार आहेत. मी त्यांना काय सांगू? मॅम ऑर्फाचं मन बदललं?"

"चित्र मुलांना भीतीदायक वाटेल."

"मुलं मोबाइलवर काय बघतात ते बघा एकदा. जा, मॅम. त्यापेक्षा स्टेजच्या फुलांचं बघा."

बितोयचं छपाईचं दुकान बाजारात, बर्फाच्या कारखान्याशेजारी. मॅम पोचल्या तेव्हा फ्लेक्स दोन खिळ्यांवर वाळत होता. डावीकडे चित्र, माणसाएवढं झालेलं. खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत अभिनंदन, आणि झायरेल एम. अम्पारो, सहावी, साम्पागिता तुकडी. उजव्या कोपऱ्यात कापितान देल्यो, हसरा, अंगठा वर. दोन अंगठे एका रेषेत आले होते. दोन्हींवर लाल.

बितोयने शाईचे हात चड्डीला पुसले. "मॅम, काप दोनदा आलाय की," तो म्हणाला, आणि हसला. मग मॅमचं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. "मी आपलं गमतीने म्हटलं हो. मी काही बघितलं नाही. मी फक्त छापतो."

"हे पुन्हा छापता येईल? चपला काढून. दोरा काढून."

"छापीन. पण उपयोग काय? फाइल मंजुरीला पाठवावी लागते ना, ज्याचा फोटो त्याला." त्याने मोबाइल काढून पुढे धरला. कापितानच्या नावाखाली फ्लेक्सचं चित्र होतं. त्याखाली उत्तर.

छान आहे. मुलीला स्टेजवर माझ्या शेजारी उभं करा.

मॅमनी ते पुन्हा वाचलं. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या फोडल्याचा आवाज येत होता.

"कधी आलं हे?"

"सकाळीच. फोनही केला होता. पोरगी कोणाची म्हणून विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"मला काय माहीत कोणाची आहे ती!" बितोय एकदम मोठ्याने म्हणाला, जणू दुकानात आणखी कोणी होतं. मग हळू. "म्हटलं, शाळेची आहे. शाळेत विचारा."

म्हणजे कापितानला अजून नुसतं नावच माहीत होतं. पोरगी, तिची आई, घाट, पानं, ही जुळवाजुळव व्हायची होती. दुकानातूनच मॅम नीलो सरांशी फोनवर बोलल्या. झायरेलला उद्या घरी ठेवावं, असं त्या म्हणाल्या.

"नको. ती आली नाही तर तिनेच बघितलं हे पक्कं झालं," सर म्हणाले. "आणि आली तर त्याच्या शेजारी उभी राहणार. त्याने नुसतं खांद्यावर हात ठेवून विचारलं ना, बाळ, हे तुला कोणी सांगितलं, की ती रडेल. संपलं."

"ती एकटी उभी राहणार नसेल तर?"

सरांना समजलं नाही. मॅमनाही अजून पुरतं सुचलं नव्हतं. त्या बितोयकडे वळल्या. "नावावर पट्टी लावता येते ना तुला? निवडणुकीत लावतोस तशी?"

"कशावर पण लावतो," बितोय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरला तेव्हा फळा रिकामा होता. मॅम खडू घेऊन उभ्या राहिल्या आणि मुलांकडे पाठ करून काढायला लागल्या. नदी. उकिडवा माणूस. बूट. दोन चपला. चित्रकला त्यांना यथातथाच यायची, त्यामुळे माणूस थोडा भाताच्या पोत्यासारखा झाला. लाल खडू उचलताना त्यांचा हात क्षणभर थांबला. मुलांना खोटं बोलायला सांगता येत नाही. सांगितलं तर ती नीट बोलत नाहीत. त्यांच्या तोंडून जे निघणार ते खरंच असायला हवं होतं. त्यांनी अंगठ्यावर लाल फेरे काढले, जाड.

"मॅम, हे तर झायरेलचं आहे," रेन्झो म्हणाला. "कॉपी करताय तुम्ही. आम्हाला असतात शून्य मार्क."

"कालपर्यंत होतं तिचं. आज हे माझं. आणि आता तुमचं सगळ्यांचं होणार आहे. कागद घ्या. फळ्यावरून बघून काढा. दोरा लाल, आणि लाल खडू नीट दाबून. बोटं माखली पाहिजेत."

"सगळ्यांनी एकच माणूस?"

"माणूस एकच. कारण वेगळं. तो चप्पल का धुतोय, ते प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं. शेजाऱ्याला विचारायचं नाही. गोष्ट अशीच असते, बाहेरून सगळ्यांना सारखं दिसतं, आतलं ज्याचं त्याला माहीत."

मुलं कामाला लागली. मॅम फिरत राहिल्या. एकीने ठरवलं, त्याच्या मुलीची चप्पल आहे, शाळेला उशीर झालाय. एकाने ठरवलं, चप्पल चोरलेली आहे, म्हणून मालकाचा वास घालवतोय. झायरेल कागदावर वाकली होती. मॅम तिच्याजवळ थांबल्या.

"तुझं कारण?"

"मला येत नाही दुसरं," झायरेल पुटपुटली.

"येईल. शोध. काल जे माहीत होतं ते आज वापरायचं नाही. आजचा धडा तो आहे."

पोरीने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "त्याला झोप येत नाही. म्हणून काहीतरी धूत बसतो."

मॅमना ते फार खरं वाटलं. "दुसरं," त्या म्हणाल्या. "साधं."

कार्यक्रमाला पालक आले, पेपरकपमधून तांदळाच्या शेवया वाटल्या, राष्ट्रगीत झालं, पाचवीची मुलं नाचली. फाटकावर फ्लेक्स वाऱ्याने फुगत होता. झायरेलच्या नावावर बितोयची पट्टी: साम्पागिता तुकडी, सहावी. पट्टीचा पिवळा जरा फिका होता. येणारी माणसं फ्लेक्ससमोर थांबत नव्हती. एरवी थांबतात, फोटो काढतात. आज सगळ्यांना आत जायची घाई होती.

कापितान देल्यो वेळेवर आला. सगळ्यांशी हसला, म्हाताऱ्या बायकांचे हात मानाने आपल्या कपाळाला लावले. झायरेलची आई शेवटच्या रांगेत उभी होती, रिकामी टोपली पोटाशी धरून. तिचाही हात त्याने कपाळाला लावला, आणि तिच्या वयाकडे बघता तसं करायचं कारण नव्हतं.

पहिला नंबर पुकारला तेव्हा अख्खा वर्ग स्टेजवर चढला. प्रिन्सिपल मॅमचा चेहरा पडला. हातात एकच मेडल होतं.

"अरे, मी तर एक मुलगी ऐकली होती," कापितान माइकमध्ये म्हणाला. लोक हसले, थोडे उशिरा. "एवढ्यांनी मिळून एक माणूस काढला?"

"हो, काप!" रेन्झो ओरडला.

"शाब्बास. नाव काय तुझं?"

"रेन्झो, काप."

"मग रेन्झो, सांग बघू. हा माणूस करतोय काय?"

"चप्पल धुतोय. बायकोने सांगितलंय. माझ्या पप्पांना पण धुवावी लागते."

आता लोक खरोखर हसले. रेन्झोचे पप्पा खुर्चीत खाली सरकले. कापितानही हसला. तो रांगेतून पुढे चालत गेला, माइक एकेकापुढे धरत. मुलीला उशीर झालाय. मालकाचा वास जावा म्हणून. कोंबड्याने घाण केली म्हणून. मुलांनी हात पाठीमागे धरले होते. कापितानने एकाचा हात पुढे ओढला, बोटं बघितली. लाल. शेजारच्याची बघितली. लाल. त्याने मग प्रत्येकाचीच बघितली, डॉक्टर लसीच्या वेळी बघतो तशी, आणि झायरेलपाशी आला.

"आणि तुझ्या मते? का धुतोय?"

झायरेलने त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. शेवटच्या रांगेत टोपलीची कड मोडल्याचा आवाज आला.

"विकायला," झायरेल म्हणाली. "जुनी चप्पल धुतली की पैसे जास्त येतात."

कापितान तिच्याकडे पुरेसा वेळ बघत राहिला. मग परत रेन्झोकडे आला, कारण बोलणारा तोच होता.

"पण आधी काढलं कोणी, रेन्झो? कोणीतरी तर आधी काढलं असेल."

मॅम ऑर्फा स्टेजच्या पायऱ्यांशी उभ्या होत्या. रेन्झोने त्यांच्याकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. तो हिनाबानचा होता. त्यालाही चपला माहीत होत्या.

"मॅमनी," तो म्हणाला. "मॅमनी फळ्यावर काढलं. आम्ही बघून काढलं."

"खरं?"

"आईशप्पथ. अजून आहे फळ्यावर. पोत्यासारखं दिसतंय."

कोणी हसलं नाही. कापितानने माइक खाली केला. तो पायऱ्यांपर्यंत आला आणि मॅमकडे वाकला. त्याचं बोलणं आता फक्त त्यांनाच ऐकू आलं.

"छान शिकवता, मॅम. तुम्ही खाडीपलीकडच्या ना?"

"हो, काप."

"इथली माहिती बरीच जमवलीत."

"मुलांना धडा समजावा म्हणून काढलं. मनाने."

"मनाने," कापितान म्हणाला. अंगठ्याचा दोरा तो सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. "चेहरा का नाही काढला?"

"तो नियम आहे. चेहरा बघणाऱ्याने घालायचा."

कापितान सरळ झाला, त्यांच्याशी हात मिळवला, फोटोसाठी अंगठा वर केला. मेडल त्याने रेन्झोच्या गळ्यात घातलं.

शनिवारी झायरेलची आई कातबालोगान शहराच्या बसमध्ये बसली, पोरीला आणि दोन पिशव्या घेऊन. बहिणीकडे नवीन बाळ आलंय, असं तिने शेजारी सांगितलं. शाळेचा दाखला नंतर नेईन म्हणाली. नीलो सर बसथांब्यावर होते. त्यांनी मॅमना फोन करून एवढंच सांगितलं, की बस सुटली आणि मागे कोणी गेलं नाही.

"आता तुम्ही," ते म्हणाले. "बदली मागा, मॅम."

"वर्षाच्या मध्ये कोण देतं बदली?"

"आजारी पडा."

"सोमवारी परीक्षेची उजळणी आहे," मॅम म्हणाल्या.

सोमवारी वर्गात एक बाक रिकामा होता. त्याबद्दल कोणी विचारलं नाही, रेन्झोनेही नाही. फळा पुसलेला होता. कोणी पुसला ते मॅमना माहीत नव्हतं. शुक्रवारी त्यांनी तो तसाच सोडला होता. खडूच्या पांढऱ्या धुरकटात लाल रंगाचा एक डाग मात्र निघाला नव्हता. मॅमनी त्यावर उजळणीचे प्रश्न लिहिले.

दुपारी तास संपल्यावर मुलं दाराकडे धावली आणि दारातच थांबली. नेहमीसारखी ढकलाढकली झाली नाही. रेन्झो मागे वळला.

"मॅम," तो म्हणाला, आणि बाहेर बोट दाखवलं.

मॅम ऑर्फा दाराशी आल्या. मुलांच्या चपला भिंतीच्या कडेने सकाळी काढल्या तशाच होत्या, वेड्यावाकड्या. त्यांच्या स्वतःच्या तपकिरी सँडल उंबऱ्यासमोर मधोमध होत्या. जोडीने. शेजारी शेजारी, पुढची टोकं बाहेर. धुतलेल्या. त्यांच्याखाली सिमेंटवर पाणी पसरलं होतं आणि अजून वाळलं नव्हतं.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. फाटकावर फ्लेक्स हलत होता.

"बाजूला व्हा," मॅम मुलांना म्हणाल्या. "आपापल्या चपला घाला. एकत्र जा, एकटं कोणी जायचं नाही. रेन्झो, तू पुढे."

"आणि तुम्ही, मॅम?"

"मी येते."

मुलं गेली. मॅमनी एक सँडल उचलली. ती जड होती, ओली होती, आणि पट्ट्याखाली, जिथे बोट पोचत नाही तिथे, चिमूटभर काळी वाळू राहिली होती.